माझी चाल

गेल्या महिन्यात दोन दिवस बहिणीकडे होते. भाचा सोळा वर्षांचा. एक जुना गेम त्याने संपवत आणला होता आणि या गेमवर मावशीने काम केलंय हे त्याला आईकडून कळलं होतं, म्हणून शेवटचा बॉस, म्हणजे गेमच्या टोकाचा मोठा शत्रू, त्याने माझ्यासाठी राखून ठेवला. "मावशी, इथे बस. संपला की क्रेडिट्स लागतील. तुझं नाव बघू."

बॉसने त्याला तीनदा मारलं, चौथ्यांदा त्याने बॉसला. क्रेडिट्स सुरू झाले. खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बघून जीभ उचलली नाही.

तेरा मिनिटं चालले. प्रोग्रॅमर, आर्टिस्ट, साउंडवाले, टेस्टर, सात भाषांमधले भाषांतरकार, वकिलांची फर्म. अ‍ॅनिमेशनचा भाग आला तेव्हा भाचा पुढे सरकून बसला. अकरा नावं वर गेली. त्याला वाटलं, नजरेतून सुटलं. मग सगळ्यात शेवटी 'प्रॉडक्शन बेबीज' आलं. ही आमच्या धंद्यातली एक गोड पद्धत: गेम बनत असताना टीममधल्या कुणाला बाळ झालं तर त्या बाळाचं नाव क्रेडिट्समध्ये घालतात. नऊ बाळं होती. त्याखाली ऑफिसातल्या कुत्र्याचं नाव.

माझ्याकडे न बघता भाचा म्हणाला, "मावशी, तू नक्की याच गेमवर होतीस ना?"

दोन वर्षं आणि दोन महिने होते.

मी म्हटलं, नवा गेम सुरू कर. आता तिला पळवू नकोस. स्टिक हलकी दाब, नुसतं चालव. नायिका बर्फातून चालायला लागली, कॅमेरा तिच्या पाठीमागे. मी टीव्हीच्या शेजारून, दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले. माझा डावा पाय जरा बाहेरच्या अंगाला पडतो. नववीत घोटा मोडला होता, तो पुरता सरळ बसलाच नाही. पडद्यावर नायिकेचा डावा पाय तसाच पडत होता. भाच्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आईशप्पथ! ही तू आहेस!"

"मग नाव का नाही?" हा पुढचा प्रश्न अर्थातच आला. मी सांगितलं की गेम बाजारात यायच्या आधी मी नोकरी सोडली, आणि तिथला नियम होता, शेवटच्या दिवशी जो पगारावर असेल त्याचंच नाव. यात खोटं काही नाही. पण हे हत्तीचं शेपूट झालं. अख्खा हत्ती सोळा वर्षांच्या पोरासमोर कसा उभा करणार, म्हणून इथे लिहायला बसले.

स्टुडिओचं नाव लिहिणार नाही. तिथल्या कुणाचंच लिहिणार नाही. (पोस्ट नावांबद्दलच आहे, तरीही. किंवा म्हणूनच.)

चालण्याचं अ‍ॅनिमेशन हे आमच्याकडचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात छळणारं काम. दोन पावलं, साधारण एक सेकंद, आणि तेच गोल गोल फिरत राहतं. टाच टेकली, गुडघ्याने वजन घेतलं, दुसरा पाय बाजूने पुढे निघाला, अंग वर उचललं, पुन्हा टाच. कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप. या चार पोझ बसल्या की माणूस चालतो, नाहीतर बाहुली घसरते. थर्ड पर्सन गेममध्ये कॅमेरा मागे असतो. खेळणाऱ्याला नायिकेचा चेहरा अधूनमधून दिसतो, पाठ मात्र तो तीस-तीस तास बघतो.

मोशन कॅप्चरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली थेट टिपणारा, स्टुडिओ भाड्याने घेणं परवडत नव्हतं, त्यामुळे बऱ्याचशा हालचाली हाताने, एकेक पोझ लावत, कीफ्रेम करायच्या होत्या. त्याला रेफरन्स लागतो, आणि रेफरन्स म्हणजे बहुतेक वेळा आपणच. फोन उभा करायचा आणि करून दाखवायचं. मी फोनसमोर मेले आहे, रांगले आहे, झाडूची तलवार करून भिंतीवर वार केले आहेत. एका दाढीवाल्या राक्षसाची झोकांडी माझी आहे. यात लाजण्यासारखं काही नसतं. अ‍ॅनिमेटर जितका निर्लज्ज तितका चांगला, असं आम्हीच एकमेकांना म्हणतो. पुढचं कळायला हे ध्यानात ठेवावं लागेल. 'नाही' कुठे म्हणायचं ती रेघ या कामात मुळातच पुसट असते.

नायिका गिर्यारोहक, पाठीवर भरलेली सॅक. मी सॅकमध्ये पुस्तकं कोंबून कॉरिडॉरमध्ये चालले, समोरून, बाजूने, मागून शूट केलं आणि दोन दिवसांत पहिली चाल करून दिली. ओझं असलं की धड पुढे झुकतं, पाऊल आखूड पडतं, कंबर फार हलत नाही. हलली तर तोल जाईल.

रिव्ह्यूत लीड, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, म्हणाला, "लचक नाहीये."

मी ओझ्याचं सांगितलं.

"फिजिक्सचा तास नकोय. तीस तास लोक हेच बघणारेत. परत शूट करू. सॅक काढ."

'करू' म्हणजे तो करणार होता. फोन त्याच्या हातात, पुढे मी, त्याच्या मागे आणखी तिघे. चाल. परत. जरा हळू. परत. टी-शर्ट आत खोच, कंबर कळत नाहीये. परत. नऊ टेक झाले. आकडा पाठ आहे, कारण फाइलींना नंबर होते. पहिल्या सहांत फोन छातीच्या उंचीवर आहे, शेवटच्या तिनांत कमरेच्या. कॅमेरा किती उंचीवर आहे हे ओळखणं माझं रोजचं काम. शूट करताना त्यांच्याकडे पाठ होती म्हणून कळलं नाही, फाइल उघडल्यावर पहिल्या फ्रेमलाच कळलं.

आणि मी त्या फाइली वापरल्या. हेही लिहायला हवं. बसून, मन लावून, लचक आणली. तो म्हणाला, "बघ, जमतं की." मला बरंही वाटलं असावं. लीडने चांगलं म्हटलं की बरं वाटतं, ती सवयच असते. परवा भाच्याला चालून दाखवताना मी पाय दाखवला, लचक गाळली.

तीन आठवड्यांनी टीमच्या चॅट चॅनलवर दोन सेकंदांचा लूप, पुन्हा पुन्हा फिरणारा व्हिडिओ, आला. नवव्या टेकमधला, मानेखाली कापलेला. वर कुणीतरी 'अप्रूव्ह्ड'चा शिक्का लावला होता. सतरा हसरे चेहरे. त्यातले दोन बायकांचे. एक त्या रिगरचा, जिच्याशेजारी मी रोज बसायचे आणि जिने माझ्याच नायिकेच्या कमरेचे सांधे बांधले होते. अठरावा हसरा चेहरा मी टाकला.

का टाकला? सगळे हसत होते म्हणून. न हसणारी बाई म्हणजे कटकटी बाई, हे तिथे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या महिन्यात पाठ होतं. शिवाय एक वेडी आशा असते की आपणही हसलो तर ही गंमत ठरेल, आणि गंमत ठरली तर आपल्याला काहीच झालेलं नसेल.

दोन दिवस पोटात गोळा घेऊन फिरले आणि तिसऱ्या दिवशी एचआरकडे गेले. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं, पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या मीटिंगला त्यांच्यासमोर एक छापील कागद होता. चॅनलचा स्क्रीनशॉट. अठराव्या चेहऱ्याभोवती बॉलपेनने गोल केला होता.

"इथे तुमचीही रिअ‍ॅक्शन दिसतेय."

मी गप्प.

"तुम्हाला नेमकं काय अपेक्षित आहे?"

माझ्या अपेक्षा दोनच होत्या. लूप काढा, आणि ते शेवटचे तीन टेक प्रोजेक्टमधून काढा. लूप निघाला. टेक निघाले नाहीत, कारण ते 'प्रॉडक्शन अ‍ॅसेट' होते. काढले असते तरी ज्यांना ही कामं माहीत आहेत त्यांना ठाऊक आहे की व्हर्जन कंट्रोलमध्ये (फाइलींच्या सगळ्या जुन्या प्रती सांभाळणारी यंत्रणा) डिलीट म्हणजे डिलीट केल्याची आणखी एक नोंद. जुनी प्रत इतिहासात तशीच पडून राहते. कुठल्यातरी सर्व्हरवर मी अजून कॉरिडॉरमधून चालते आहे, कमरेच्या उंचीवरून.

चौकशीचा निकाल साडेतीन ओळींचा होता. 'हेतुपुरस्सर गैरवर्तन आढळून आले नाही. संबंधितांना समज देण्यात आली आहे.' मलाही समज देण्यात आली, की अशा गोष्टी आधी टीममध्ये बोलाव्यात.

इथवरचं सांगितलं की लोक हळहळतात. पण मला मोडलं ते त्यानंतरच्या दहा आठवड्यांनी, आणि ते सांगायला लागलं की समोरच्याचं लक्ष उडतं. दिसण्यासारखं काही घडतच नाही ना.

लीड माझ्यावर कधी ओरडला नाही. उलट सभ्य झाला. फक्त माझं काम बघायचा थांबला. आमच्याकडे प्रत्येक हालचाल लीडने मान्य केल्याशिवाय बिल्डमध्ये, म्हणजे चालत्या गेममध्ये, जात नाही. रिव्ह्यूची यादी तोच लावायचा आणि माझं नाव सगळ्यात खाली असायचं. तिथवर पोचेपर्यंत वेळ संपायची. "उद्या घेऊ." दुसऱ्या दिवशी नवी यादी, मी पुन्हा खाली. कामांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरवर माझी सव्वीस कामं एकाखाली एक, पिवळ्या रंगात: 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत'. सकाळच्या स्टँडअप मीटिंगला प्रत्येकाने काल काय झालं ते सांगायचं. मी रोज तेच सांगायचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लोक माझी पाळी आली की फोन बघायला लागले. वाईट मनाने नाही. त्यात नवीन काही नसायचं म्हणून.

मग नायिका माझ्याकडून काढून घेतली आणि मला दारं दिली. उघडणारी, बंद होणारी, लाथेने तुटणारी, वाऱ्याने हलणारी. मी बावीस प्रकारची दारं केली. दार वाईट काम नाही, चांगल्या दारालाही वजन असतं. पण वार्षिक मूल्यमापनात लिहून आलं की 'पात्रांवरील आउटपुट अत्यल्प'. ते आकड्यांनी सिद्ध होत होतं. एचआरलाही ते मान्य करावं लागलं. आकड्यांना हेतू नसतो.

आमच्या मजल्यावर एक सीनियर प्रोड्यूसर होती, या धंद्यात पंधरा वर्षं काढलेली. तिने मला एकदा जिन्यात गाठलं. जिन्यात, कारण तिथे कॅमेरे नव्हते. ती म्हणाली, "माझ्या वेळी याहून वाईट होतं. ऐक माझं. गेम शिप होऊन बाजारात जाईपर्यंत कळ काढ. नाव येऊ दे, मग जा."

मला तिचा संताप आला. इतका, की पुढे तिच्याशी नीट बोललेच नाही. आता वाटतं, त्या इमारतीत एवढा खरा सल्ला दुसऱ्या कुणी दिला नाही. तिला नियम कसा चालतो ते माहीत होतं. ज्या माणसाने तुझा हा हाल केला त्याच माणसासमोर आणखी सात महिने रोज बस, म्हणजे दोन वर्षांच्या कामावर तुझं नाव लागेल. उठलीस तर काम आमचं. क्रेडिट म्हणजे कौतुक, असं बाहेरच्यांना वाटतं. आतमध्ये तो दोर असतो.

मी सात महिने थांबू शकले नाही. गेले.

पुढच्या मुलाखतीत विचारलं, मधली दोन वर्षं काय केलंत? गेम बाहेर आला नव्हता आणि एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही होती, त्यामुळे शोरीलमध्ये, कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, एक फ्रेम दाखवता येत नव्हती. गेम आल्यावरच्या मुलाखतीत दाखवता आली असती, पण तिथे मुलाखत घेणाऱ्याने माझ्यासमोरच मोबीगेम्स उघडलं. गेमच्या क्रेडिट्सवरून कुणी कशावर काम केलं याची नोंद ठेवणारी ती साइट, १९९९ पासून आहे. त्याने नाव टाकलं. आलं नाही. तो सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "यांच्या टीममध्ये तुम्ही दिसत नाही." खोटी ठरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्या नोकरीसाठी मी पुन्हा आर्ट टेस्ट दिली, जी माझ्या अनुभवाच्या माणसाला देत नाहीत. टेस्टचा विषय होता चालण्याचं सायकल. हसावं की रडावं.

नावाची ही भानगड या धंद्याइतकीच जुनी आहे. सत्तरच्या दशकात अटारी कंपनी गेम करणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसे. एका प्रोग्रॅमरने वैतागून 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिथे आपलं नाव लिहून ठेवलं. चौघे सरळ बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. तिथे करणाऱ्याचं नाव छापायचे. कॅरोल शॉ ही त्याच काळातली. १९७८ मध्ये ती अटारीत लागली. तिनेच सांगितलेली आठवण आहे: कंपनीचे अध्यक्ष लॅबमध्ये आले आणि तिला पाहून खूश झाले, की चला, बाई आली, आता रंगसंगतीचे आणि घरसजावटीचे गेम होतील. सहकारी तिला म्हणाले, लक्ष देऊ नकोस. तिने दिलं नाही. पुढे अ‍ॅक्टिव्हिजनसाठी तिने १९८२ मध्ये 'रिव्हर रेड' केला. चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये संपता न संपणारी नदी! ती युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. खोक्यावर तिचं नाव होतं. त्याची रॉयल्टी तिला मिळाली आणि १९९० मध्ये ती आरामात निवृत्त झाली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारं वाक्य हेच: ती आरामात निवृत्त झाली.

त्याच अ‍ॅक्टिव्हिजनवर, म्हणजे तोवर अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड झालेल्या कंपनीवर, जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खटला भरला. दोन वर्षांच्या चौकशीनंतरच्या त्या तक्रारीत होतं की बायका जेमतेम वीस टक्के, पगार कमी, बढती उशिरा, आणि छळ. आठ दिवसांत कर्मचारी काम टाकून बाहेर उभे राहिले. पंधरा दिवसांत ब्लिझर्डचे प्रमुख गेले, सहप्रमुख म्हणून पहिल्यांदाच एक बाई आली, आणि तीन महिन्यांत तिनेही पद सोडत असल्याचं जाहीर केलं. हे सगळं मी कामावरून आल्यावर रात्री-रात्री वाचत होते. पण डोक्यात घुसली ती एक छोटी बातमी. त्यांच्या 'ओव्हरवॉच' या गेममधल्या काउबॉयचं नाव बदलणार. नवं नाव कोल कॅसिडी. जुनं होतं ते कंपनीतल्याच एका खऱ्या डिझायनरचं, आणि तो ऑगस्टमध्ये कंपनीतून बाहेर पडला होता. यापुढे खऱ्या कर्मचाऱ्यांची नावं पात्रांना देणार नाही, असंही कंपनीने जाहीर केलं.

म्हणजे असंही असतं. पाच वर्षं जगभरचे लोक एका माणसाचं नाव घेऊन खेळत होते, मॅच हरली तर त्याच्या नावाने शिव्या घालत होते, आणि माझ्यासारखीचं नाव कुत्र्याच्या खालीही नाही. त्याने काय केलं, केलं की नाही, यातलं मला काही म्हणायचं नाही. फक्त नाव कुणाचं कुठे लागतं ते बघतेय.

खटल्याचं पुढचंही सांगते, अर्धवट नको. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातला मोठा भाग पगार आणि बढतीतल्या भेदभावापोटी. छळाचे आरोप मागे घेतले गेले, आणि कुठल्याही न्यायालयाने किंवा स्वतंत्र चौकशीने सर्रास छळ सिद्ध केलेला नाही, असं त्यात नमूद झालं. ते वाचून मला माझ्या साडेतीन ओळी आठवल्या. कदाचित त्यांच्याकडचं वेगळं असेल. 'आढळून आले नाही' या शब्दांचं आणि माझं आता वाकडंच आहे, एवढंच.

रायट गेम्स या दुसऱ्या कंपनीवरच्या, बायकांशी भेदभावाच्या खटल्यात मात्र एका गोष्टीने बरं वाटलं, आणि ती पैशांची नव्हती. (पैसेही होते. २०१९ मध्ये एक कोटी डॉलरवर मिटत होतं, राज्याने आक्षेप घेतला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दहा कोटींवर मिटलं.) त्यात नोव्हेंबर २०१४ पासून तिथे काम केलेल्या बायका धरल्या होत्या. नोकरीत असलेल्या, सोडून गेलेल्या, कंत्राटी, सगळ्या मिळून दोन हजारांवर. मध्येच निघून गेलेल्या बायकांचीही मोजदाद झालेली ही मी पाहिलेली पहिली यादी. गेमच्या शेवटी नाही, कोर्टाच्या कागदात.

फ्रान्समधल्या युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना जुलै २०२५ मध्ये बोबिन्यीच्या कोर्टाने छळाबद्दल दोषी धरलं. शिक्षा झाली ती स्थगित कैदेची आणि दंडाची, आत कुणी गेलं नाही. सुनावणीच्या बातम्यांत एका तरुण कर्मचारी मुलीचं होतं: तिला चिकटपट्टीने खुर्चीला बांधलं, खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली आणि भलत्याच मजल्याचं बटण दाबलं. मी तिथे वाचायची थांबले. मला दिसला तो तो भलता मजला. दार उघडतं, समोर लोक उभे, आणि खुर्चीत ती. ती हसली असणार, असं मला वाटतं. मला माहीत नाही, पण वाटतं.

क्रेडिटचा नियम बायकांसाठी म्हणून कुणी लिहिलेला नसतो, हे मान्य. २०२१ मध्ये 'मेट्रॉइड ड्रेड' हा गेम आला तेव्हा बनवणाऱ्या स्टुडिओचा नियम चर्चेत होता, की एकूण काळाच्या निदान पंचवीस टक्के काम केलेल्यांचंच नाव. त्यात पुरुषही गळले. आयजीडीए या डेव्हलपरांच्या संघटनेने क्रेडिट कसं द्यावं याची मार्गदर्शिका काढली आहे, पण ती पाळायची सक्ती कुणावर नाही. नियम सगळ्यांना सारखा. मध्येच उठून जावं लागणारे मात्र सगळे सारखे नसतात.

आता मी एका छोट्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशन लीड आहे. सहा जणांची टीम. आमच्याकडे रेफरन्स ज्याचा त्याने एकट्याने, ट्रायपॉडवर शूट करायचा, आपल्याच मशीनवर ठेवायचा, काम झालं की उडवायचा. व्हर्जन कंट्रोलमध्ये एकही टेक जात नाही. नवे लोक याला माझा विक्षिप्तपणा समजतात, समजू देत. आणि क्रेडिट्सची शीट पहिल्या दिवसापासून मी भरते. आला तो लिहिला, गेला तरी खोडायचा नाही.

बहिणीकडून परत आल्यावर ती शीट उघडली. एका नावापुढे स्पेलिंग तपासायचं राहिलं होतं. चार महिन्यांपूर्वी सोडून गेलेली ज्युनियर. राजीनाम्यात कारण 'वैयक्तिक'. सही माझीच. मी तेव्हा ट्रेलरच्या गडबडीत होते आणि तिचं काम बघायचं आमच्या सीनियरकडे सोपवलं होतं. चांगला मुलगा आहे, माझ्या विश्वासातला.

सहज म्हणून ट्रॅकरवर तिचे शेवटचे दिवस काढले. नऊ कामं, एकाखाली एक, पिवळी. सगळ्यात जुनं चौतीस दिवस तसंच पडून होतं.

याला शंभर साधी कारणं असू शकतात. ट्रेलर होताच. मी त्या पिवळ्या रंगाकडे बराच वेळ बघत बसले. मग तिला मेसेज केला. दोन प्रश्न. क्रेडिट्समध्ये तुझं नाव कसं लिहू? आणि ते चौतीस दिवस काय चाललं होतं?

रात्री उशिरा उत्तर आलं.

"नुसतं नाव लिहा, आडनाव नको. दुसऱ्याबद्दल लिहून नको. शनिवारी फोन केला तर चालेल का तुम्हाला?"

उद्या शनिवार आहे.